फँटसी बेसबॉलचे मॉक ड्राफ्ट: कुठे खरा सराव, कुठे नुसता टाइमपास

मेजर लीग बेसबॉलचा सीझन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि त्याआधीचे सहा-सात आठवडे फँटसी लीगवाले, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली कागदी टीम करून त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीचे गुण मोजणारे, मॉक ड्राफ्टच्या मागे असतात. खरा ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने एकेक खेळाडू निवडून टीम बनवणं, वर्षातून एकदाच. तो फसला की सहा महिने तीच टीम ओढायची. म्हणून आधी लुटुपुटूचे ड्राफ्ट करून बघायचे: आपल्या नंबरावर कोण उरतं, कोण आधीच निघून जातं, कुठल्या जागेसाठी घाई करावी लागते. यासाठी चार ठिकाणं सर्रास वापरली जातात: याहू, ईएसपीएन, फँटसीप्रोजचा ड्राफ्ट विझर्ड आणि काऊच मॅनेजर्स. पाचवं एनएफबीसी ही फँटसी स्पर्धा. तिथले ड्राफ्ट खरेखुरे, फी भरून केलेले असतात, पण त्यांची आकडेवारी मॉक करणाऱ्यांना सोन्यासारखी आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. पहिल्या आठ-दहा फेऱ्यांचा सराव या चारांत कुठेही केला तरी फार फरक पडत नाही. साइट किती पाण्यात आहे ते बाराव्या फेरीनंतर कळतं, आणि तिथे मोठ्या नावाच्या दोन साइट मान टाकतात.

ड्रीम११ वर क्रिकेटच्या टीम लावलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. तिथे एकच विराट लाखो टीममध्ये असू शकतो. इथे बारा जणांच्या लीगमध्ये अ‍ॅरन जज एकाच्याच वाट्याला जातो आणि ट्रेड झाला नाही तर सीझनभर त्याचाच राहतो. त्यामुळे चांगला खेळाडू कोण हा प्रश्न सोपा आहे. तो माझ्या पाळीपर्यंत उरेल का, हा अवघड. मॉक फक्त या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो.

रूममध्ये शिरण्याआधी

टीम किती, कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) किती, गुण कसे मोजतात आणि बेंचवर जागा किती, एवढं आपल्या लीगशी जुळवून घ्या. यातलं एक जरी चुकलं तरी तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी लीगचा सराव करत बसता. कॅचरचंच बघा. याहूच्या नेहमीच्या रचनेत प्रत्येक टीमला एक कॅचर, म्हणजे बारा टीमना बारा. एनएफबीसीच्या पंधरा टीमच्या लीगमध्ये प्रत्येकी दोन, म्हणजे तीस. आणि मेजर लीगमध्ये संघच मुळी तीस आहेत. तिथे जवळपास प्रत्येक संघाचा पहिला कॅचर कुणाच्या तरी गळ्यात पडणारच, मग त्याची बॅटिंगची सरासरी ०.२१० इतकी कमी का असेना. कॅल रॅलीने २०२५ मध्ये कॅचर असून ६० होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. दोन कॅचरच्या लीगमध्ये त्याच्यासाठी लवकर हात घालणं रास्त आहे. दहा टीम आणि एक कॅचर असलेल्या लीगमध्ये मात्र सगळ्यात शेवटी कॅचर घेणाऱ्यालाही बऱ्यापैकी माणूस मिळतो, त्यामुळे रॅलीची आघाडी बरीच आटते. तोच खेळाडू, तेच आकडे, फेरी वेगळी.

गुणमोजणीचंही तसंच. पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्सचं २०२५ बघा: ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन, कमी तितका चांगला) १.९७, स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) २१६, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, आणि विजय फक्त १०. पाच बाय पाचच्या रोटिसरीत, म्हणजे बॅटिंगचे पाच आणि पिचिंगचे पाच रकाने धरून प्रत्येकात टीमचा क्रम लावणाऱ्या लीगमध्ये, तो ईआरए, व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक) आणि स्ट्राइकआऊट हे तीन रकाने एकट्याने उचलतो, विजयाच्या रकान्यात मात्र चारचौघांसारखा. प्रत्येक कामगिरीला ठरावीक गुण देणाऱ्या पॉइंट्स लीगमध्ये विजयाला किती गुण आणि इनिंगला किती, यावर तो कितव्या नंबरावर घ्यायचा ते ठरतं.

जागेची पात्रता साइटगणिक बदलते आणि इथे बरेच जण ठेचकाळतात. याहूवर एखाद्या जागी ५ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला किंवा एकूण १० सामन्यांत उतरला की खेळाडू तिथे पात्र. ईएसपीएनला गेल्या सीझनचे २० सामने लागतात. म्हणजे सेकंड बेसवर १२ सामने खेळलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) याहूवर दोन्हीकडे चालतो, ईएसपीएनवर फक्त शॉर्टस्टॉपला. दुसऱ्या साइटवर मॉक करून ‘सेकंड बेस मागे ढकलू, हा आहेच’ असं ठरवलं, की खऱ्या ड्राफ्टमध्ये ती जागा रिकामी राहते.

आणि बॅटिंग व पिचिंग दोन्ही करणारा शोहेई ओहतानी. याहूवर तो दोन वेगळे खेळाडू आहे, बॅटर ओहतानी आणि पिचर ओहतानी, दोघे वेगवेगळ्या टीममध्ये जाऊ शकतात. ईएसपीएनवर तो एकच. त्या दिवशी बॅटर म्हणून लावायचा की पिचर म्हणून, ते तुम्ही ठरवता. याहूवर त्याचा बॅटर अवतार पहिल्या काही पिकमध्ये (निवडींमध्ये) जातो आणि पिचर अवतार नंतर स्वतंत्रपणे. एका साइटवरचा त्याचा भाव दुसरीकडे नेऊ नका.

याहू: यादी मोलाची, रूम बेभरवशाची

याहूची नेहमीची रचना अशी: कॅचर, चार इनफिल्डर, तीन आऊटफिल्डर, दोन युटिलिटी (कुठल्याही जागेचे बॅटर), दोन स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर), दोन रिलिव्हर (नंतर येणारे पिचर), चार कुठलेही पिचर, पाच बेंच. एकूण २३ फेऱ्या, बारा टीमचे २७६ खेळाडू. मॉक लॉबीत खरी माणसं येतात, अ‍ॅपवरूनही शिरता येतं, फुकट आहे.

याहूचा सगळ्यात मोठा फायदा फारसा कुणी सांगत नाही. ड्राफ्ट रूममध्ये खेळाडूंची यादी याहूच्या स्वतःच्या क्रमवारीने लागलेली असते. घड्याळ पळत असताना माणूस खाली खाली शोधत बसत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या पहिल्या दहा-पंधरा नावांतलं एक दाबतो. त्यामुळे याहूवरचा प्रत्येक ड्राफ्ट, मॉक असो की खरा, त्या यादीभोवतीच फिरतो. तुमची लीग याहूवर असेल तर तुमच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांसमोरही हीच यादी असणार. म्हणून याहूवर मॉक करताना तुम्ही खेळाडूंपेक्षा या यादीचा अभ्यास करत असता, आणि तो वेळ वाया जात नाही.

उपयोग असा करायचा. याहूच्या क्रमवारीतले पहिले २५० एका शीटमध्ये उतरवा, शेजारच्या रकान्यात एनएफबीसीची एडीपी, म्हणजे तो खेळाडू सरासरी कितव्या पिकला जातो तो आकडा. वजाबाकी करा. जिथे फरक २४ पेक्षा जास्त, म्हणजे बारा टीमच्या लीगमध्ये दोन फेऱ्यांहून अधिक, तिथे खूण करा. एनएफबीसीत १०० च्या आसपास जाणारा खेळाडू याहूच्या यादीत १४० वर पडलेला असेल तर त्याला नवव्या फेरीत घ्यायचं कारण नाही. दहावी-अकरावी उजाडू द्या. उलट याहू ज्याला ६० वर बसवते आणि एनएफबीसी ९५ वर, तो तुम्हाला कधीच मिळणार नाही, त्याचा नाद सोडा. या हिशेबातून कॅचर आणि क्लोजर (शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखायला येणारे पिचर) वगळा. एनएफबीसीत दोन कॅचर आणि पंधरा टीम असल्यामुळे या दोघांचे भाव तिथे मुळातच चढे असतात.

आता रडगाणं. सहाव्या-सातव्या फेरीनंतर लोक उठून जातात. त्यांना पहिली पाच नावं बघायची असतात, ती बघून झाली की काम संपलं. त्यांच्या जागी ऑटोपिक बसतं आणि ते यादीतला वरचा खेळाडू रोस्टरच्या रिकाम्या जागेत टाकत जातं. बाराव्या फेरीला अर्धी रूम ऑटोवर असली की तिथून पुढचे भाव निरर्थक. एका क्लोजरमागे पाच क्लोजर सटासट जाणं हा खऱ्या ड्राफ्टमधला नेहमीचा प्रकार अशा रूममध्ये घडतच नाही, कारण ऑटोपिकला घबराट माहीत नसते. कोण ऑटोवर गेलंय ते रूममध्ये दिसतं. आकडा सहाच्या वर गेला की भाव शिकायचा नाद सोडा आणि उरलेल्या फेऱ्या प्रयोगाला वापरा. तीन क्लोजर घेऊन बघा, स्टार्टर उशिरा घेऊन बघा.

स्वतःचं नाव ऑटोवर जाऊ नये म्हणून क्यूमध्ये, म्हणजे आपण आधी लावून ठेवलेल्या पसंतीच्या यादीत, कायम पाच-सहा खेळाडू ठेवा. क्यू रिकामी आणि वेळ संपली, की यादीतला वरचा खेळाडू गळ्यात. चौथा फर्स्ट बेसमन हा असाच येतो.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळेचं गणित: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला लॉबी चांगली भरलेली असते. ते आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेसहा, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेपाच. दुपारी बारा वाजता लॉबी उघडून माणसं मिळतील ही आशा ठेवू नका. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या ऑफिस लीगमध्ये ओढले गेलेल्या मराठी मंडळींना हा त्रास नाही.

ईएसपीएन: उथळ पाण्याचा सराव

ईएसपीएनचा भर दहा टीमच्या लीगवर आहे. लॉबीत कॅटेगरी (रकान्यांच्या) आणि पॉइंट्स अशा दोन्ही तऱ्हेच्या रूम असतात, आणि पाटी न वाचता शिरणारे बरेच. पॉइंट्सच्या रूममध्ये कुणी चौथ्या फेरीत स्टीलवाला (बेस चोरण्यात पटाईत) खेळाडू उचलला की ओळखा, साहेब चुकीच्या दाराने आले आहेत.

दहा टीम असल्या की ड्राफ्टबाहेर उरणारे खेळाडूही बरे असतात. अशा लीगमध्ये ‘सुरक्षित’ खेळाडूची किंमत कमी आणि वरच्या दर्जाची जास्त, कारण सुरक्षित माणूस मे महिन्यातही फुकट मिळतो. मॉकमध्ये हे तपासायला सोपी युक्ती: ड्राफ्ट संपल्यावर न घेतलेल्यांची यादी उघडा आणि प्रत्येक जागेचा पहिला खेळाडू तुमच्या शेवटच्या खेळाडूशी ताडून बघा. दोघे सारखेच असतील तर तुमची ती पिक फुकट गेली. तिथे एखादा नवखा, वर जाऊ शकणारा पोरगा घ्यायला हवा होता.

माणसं उठून जाण्याचा रोग इथेही तेवढाच. लीग ईएसपीएनवर असेल तरच इथे वेळ घालवा. नसेल तर या रूममधून फार काही हाती लागत नाही.

ड्राफ्ट विझर्ड: वेगाला तोड नाही, मार्कांना अर्थ नाही

फँटसीप्रोजच्या या सिम्युलेटरमध्ये समोर संगणक असतो. कुणाची वाट बघायची नाही, स्वतःची पिक झटपट केल्या की चहा संपेपर्यंत ड्राफ्ट संपतो. टीमची संख्या, रोस्टरच्या जागा, गुणमोजणी आणि आपला नंबर, सगळं हवं तसं लावता येतं. तज्ज्ञांच्या क्रमवारीच्या आधारे समोरचे संगणकी खेळाडू निवड करतात. साधा वापर फुकट आहे. पैसे भरल्यावर खऱ्या लीगशी जोडणी आणि ड्राफ्ट चालू असतानाचा सल्ला वगैरे मिळतं. नुसत्या सरावाला फुकटचं पुरतं.

याचा खरा उपयोग नंबरावर सराव करण्यासाठी. स्नेक ड्राफ्टमध्ये, म्हणजे दर फेरीला निवडीचा क्रम उलटतो तिथे, तुमच्या पिक कुठे येतात याचं सूत्र सोपं आहे. विषम फेरीत: फेरीतून एक वजा, गुणिले टीमची संख्या, अधिक तुमचा नंबर. सम फेरीत: फेरी गुणिले टीमची संख्या, वजा तुमचा नंबर, अधिक एक. बारा टीममध्ये तिसरा नंबर असेल तर ३, २२, २७, ४६, ५१, ७०. बारावा असेल तर १२, १३, ३६, ३७, ६०, ६१.

तिसऱ्या नंबरवाल्याला २२ आणि २७ च्या मध्ये फक्त चार पिक जातात, आणि त्या चारही पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्याच टीमच्या असतात. म्हणून त्या वेळी सगळा बोर्ड बघायची गरज नाही. त्या दोन टीमकडे काय आहे तेवढं बघा. शॉर्टस्टॉप आणि स्टार्टर दोन्ही हवे आहेत, आणि दोघांनीही शॉर्टस्टॉप आधीच घेतलाय? मग २२ ला स्टार्टर घ्या, शॉर्टस्टॉप बहुतेक २७ पर्यंत उरतो. पुढे जाऊन क्लोजर आणि कॅचरच्या बाबतीत ही नजर आणखी उपयोगी पडते. बाराव्या नंबरवाल्याचं दुखणं वेगळं: १३ नंतर थेट ३६, मध्ये बावीस खेळाडू जातात. त्याला एखाद्या जागेची लूट सुरू होण्याआधी, यादीच्या किमतीपेक्षा थोडं महाग पडलं तरी, हात मारावा लागतो. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नंबरावरून विझर्डवर काही ड्राफ्ट केले की हा फरक अंगवळणी पडतो. माणसांच्या लॉबीत एवढ्या वेळा बसायला फुरसत कुणाला आहे?

आता मार्कांची गोष्ट. ड्राफ्ट संपला की विझर्ड शंभरपैकी गुण देतो आणि सीझनअखेरचा अंदाजी तक्ता दाखवतो. तुम्ही निवड करताना त्याच साइटचे अंदाज बघता, तीच क्रमवारी वापरता, आणि मग तेच अंदाज बेरीज करून तुम्हाला गुण देतात. स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासल्यासारखं आहे हे. दर पिकला यादीतला वरचा खेळाडू निमूट घेत गेलात तरी गुण झकास येतात.

या गुणांना दिसत नाहीत अशा गोष्टीही बऱ्याच आहेत. याहूच्या रोटिसरी लीगमध्ये पिचिंगला नेहमी १,४०० इनिंगची मर्यादा असते. १८० इनिंगचे आठ स्टार्टर म्हणजे १,४४०. तुमची लीग जोडलेली नसेल तर बेरजेत नववा-दहावा स्टार्टरही विजय आणि स्ट्राइकआऊट वाढवत जातो, प्रत्यक्षात तो कधी पिच करणारच नाही. दुखापत तर हिशेबातच नाही. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआऊट घेतले, पुढच्या मार्चला सगळ्यांच्या यादीत तो वर होता, आणि २०२४ मध्ये दोन सामने खेळून कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला. कुठल्याही मॉकने हे सांगितलं नसतं. म्हणून तक्त्यातलं स्थान सोडून फक्त रकाने वाचा. बारा टीमच्या लीगमध्ये दहा रकान्यांचे जास्तीत जास्त १२० गुण. बहुतेक रकान्यांत तिसरं आलं की शंभराच्या आसपास पोचता, आणि तेवढ्यात लीग बहुधा हाती येते. एखाद्या रकान्यात पहिले आणि दुसऱ्यात अकरावे असाल, तर पहिल्यातली जास्तीची शक्ती कुठल्या फेरीत वाया गेली ते शोधा.

स्टीलचा प्रयोग विझर्डवरच करावा. २०२३ मध्ये मेजर लीगने पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आणला, बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले आणि पिचरने रनरला रोखण्यासाठी पिचिंगच्या पट्टीवरून पाय काढण्यावर प्रत्येक बॅटरमागे दोनदाची मर्यादा घातली. आदल्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये २,४८६ स्टील झाले होते, त्या वर्षी ३,५०३. आता जोश नेलरसारखा धिप्पाड फर्स्ट बेसमन २०२५ मध्ये ३० स्टील करतो आणि हुआन सोटो ४३ होमरनसोबत ३८. स्टील सगळीकडे विखुरले आहेत, पण रकाना जिंकायला लागणारा आकडाही त्याच मापाने वर गेला आहे. चँडलर सिम्पसनने २०२५ मध्ये ४४ स्टील केले आणि होमरन एकही नाही. असा खेळाडू आठव्या-नवव्या फेरीत घेतला की होमरन आणि आरबीआयमध्ये (बॅटरच्या फटक्यांवर आलेल्या रनांमध्ये) खड्डा पडतो. एकाच नंबरावरून दोन ड्राफ्ट करा: एकात पहिल्या पाच फेऱ्यांत स्टील करणारे ताकदवान बॅटर, दुसऱ्यात आधी ताकद आणि बाराव्या फेरीनंतर एक निव्वळ पळणारा. मग दोन्हीकडे होमरन आणि स्टीलची बेरीज शेजारी ठेवा. आमचं मत पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहे, पण नंबर शेवटचा असेल तर दुसरी पद्धत कधी कधी भारी पडते.

काऊच मॅनेजर्स: दिसायला जुनाट, कामाला पक्का

पान उघडल्यावर वाटतं, ही साइट कुणीतरी विसरून गेलंय. रंग नाहीत, फोटो नाहीत, नुसता चौकटींचा बोर्ड. पण बेसबॉलच्या मॉकसाठी खरी, जाणती माणसं इथेच भेटतात. ही मंडळी खेळाच्या नादाने येतात, त्यामुळे विसाव्या फेरीतही कुणीतरी मायनर लीगमधला पोरगा विचार करून घेतो. उशिराच्या फेऱ्या शिकायच्या तर हे ठिकाण.

घड्याळ लावलेले ड्राफ्ट असतात तसे सावकाश चालणारेही, ज्यात एकेका पिकला काही तास मिळतात. भारतातल्या खेळाडूला हा दुसरा प्रकार सोयीचा: सकाळी एक पिक, संध्याकाळी एक. धोका एवढाच की सावकाश ड्राफ्ट अनेक दिवस चालतो आणि मध्येच एखादी दुखापतीची बातमी आली की आधीचे भाव शिळे होतात.

क्लोजरचा बाजार इथेच समजतो. मेजर लीगमध्ये तीस संघ, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे ठरलेला क्लोजर नसतो. काही जण नवव्या इनिंगचं काम दोघा-तिघांत वाटतात. बारा टीमना प्रत्येकी दोन हवे म्हटले तरी चोवीस लागतात, तीन म्हटले तर छत्तीस, म्हणजे आहेत त्याहून जास्त. जाणत्या रूममध्ये पहिला क्लोजर गेला की पुढच्या पंधरा-वीस पिकमध्ये आणखी चार-पाच जातात. अशा वेळी दोनच रस्ते: लुटीच्या आधी एक पक्का क्लोजर घेऊन बाजूला व्हायचं, किंवा लूट पूर्ण ओसरू देऊन सतराव्या फेरीनंतर डळमळीत संघांतले दोन उमेदवार घ्यायचे. लुटीच्या मध्यावर, सहावा क्लोजर म्हणून, पहिल्याच्या भावाने घेणं हा सगळ्यात वाईट सौदा. प्रत्येक मॉकनंतर पहिला, पाचवा, दहावा आणि पंधरावा क्लोजर कितव्या पिकला गेला तेवढे आकडे लिहून ठेवा. काही ड्राफ्टनंतर त्यातून लूट साधारण कुठे सुरू होते ते दिसतं.

एनएफबीसीची एडीपी: आरसा, पण तारीख बघून

एनएफबीसीचे ड्राफ्ट फी भरून होतात, त्यामुळे कुणी गंमत म्हणून काही उचलत नाही. तिथल्या सरासरीच्या शेजारी किमान आणि कमाल पिकही दिलेली असते, आणि ती सरासरीपेक्षा कामाची. ज्याची सरासरी ८०, किमान ७२ आणि कमाल ९०, त्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत. ज्याची सरासरी ८० पण किमान ४८ आणि कमाल १३०, त्याला थांबून मिळवता येईल की नाही हे सर्वस्वी रूमवर आहे. वाट बघायची तर दुसऱ्या प्रकारात एक पर्याय हाताशी ठेवूनच बघा. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्यामुळे इथून या स्पर्धांत उतरण्याच्या भानगडीत पडू नका; आकडे वाचायला हरकत नाही.

एडीपीचा मोठा दोष म्हणजे ती मागे बघते. एडविन डियाझ २०२३ च्या मार्चमध्ये क्लोजरांच्या यादीत अग्रभागी होता. १५ मार्चला वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये विजय साजरा करताना त्याचा गुडघा गेला आणि अख्खा सीझन बुडाला. त्याआधीच्या महिन्यांत झालेल्या सगळ्या ड्राफ्टची सरासरी मात्र त्याला वरच दाखवत राहते, आणि त्याच्या जागी सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याचं श्रेय) घेणार असलेल्यांना तळाशी. म्हणून तारखेची चाळणी लावून फक्त शेवटच्या आठवड्याचे ड्राफ्ट घ्या, आणि पंधरा टीमच्या स्पर्धा व बारा टीमच्या स्पर्धा वेगळ्या वाचा. पंधरा टीममधली १२० वी पिक आठव्या फेरीच्या शेवटी येते, बारा टीममध्ये दहाव्या. फेरीच्या भाषेत बोलणारे इथे हमखास घोळ घालतात.

लिलावाच्या लीगचं काय

लिलावात प्रत्येकाकडे २६० डॉलरचं बजेट आणि २३ जागा, प्रत्येक जागेला किमान एक डॉलर. म्हणजे पहिल्या खेळाडूवर जास्तीत जास्त २३८ लावता येतात. नंतरही नियम तोच: उरलेले पैसे, वजा उरलेल्या जागा, अधिक एक. मॉक लिलाव माणसांबरोबर केला तर निम्मे लोक पहिल्या तासात पळतात आणि त्यांचे पैसे बाजारातून नाहीसे होतात, त्यामुळे शेवटचे खेळाडू फुकटात पडतात. संगणकाबरोबर केला तर तो त्याच्या यादीच्या भावाजवळ येऊन थांबतो, इरेला पेटत नाही. दोन्हीकडून शिकायला फारसं मिळत नाही. त्यापेक्षा फँग्राफ्स या साइटच्या ऑक्शन कॅल्क्युलेटरमध्ये आपल्या लीगच्या टीम, जागा आणि रकाने भरा, स्टीमर, झिप्स किंवा एटीसी यांपैकी एक अंदाज निवडा आणि डॉलरची यादी काढा. मग दुसरा अंदाज निवडून पुन्हा काढा. ज्या खेळाडूच्या दोन भावांत सहा-सात डॉलरचा फरक दिसतो, त्यांची नावं वेगळी लिहा: बोली कुठे सोडायची हे आधी ठरवून ठेवायला हवं ते याच नावांसाठी.